कोनाड्यातलं हसू

बेल्जियममधल्या त्या जुन्या चर्चचं आता हॉटेल झालं होतं, तरी आईने दारातच चपला काढल्या.

"अगं आई, इथे लोक जेवायला येतात," मकरंद हसला. थंडगार फरशीवरून आई अनवाणीच आत आली.

पापांची कबुली द्यायच्या लाकडी कोनाड्यात त्यांचं टेबल होतं. जेवण आल्यावर मकरंदने गिऱ्हाइकांना ऐकवायचं आपलं यंत्र मागच्या दगडी भिंतीला टेकवलं. दगडात मुरलेले आवाज ते बाहेर काढी. आधी खोलवरचे, जुने, मग वरवरचे, ताजे. त्यासाठीच इथे गर्दी व्हायची.

भिंतीतून एक बाई हुंदके देत कुजबुजू लागली.

"काय म्हणतेय रे?"

"दुष्काळात लेकराच्या वाटचा पाव हिने खाल्ला. लेकरू गेलं. सगळ्यांत जास्त मागणी हिलाच!" तो पुन्हा मोठ्याने हसला.

आईने हातातला घास ताटलीत ठेवला. "ती देवाला सांगत होती ना?"

मकरंदची मान खाली गेली. यंत्र बंद करायला त्याने हात पुढे केला, पण तेवढ्यात हुंदके थांबले आणि त्याच दगडातून कुणीतरी मोकळेपणाने, मोठ्याने हसलं.

आवाज त्याचाच होता.