नाक आमचं

ओसाड माळावर कधीकाळी चार कुटुंबं येऊन वसली आणि पुढच्या सगळ्या सोयरिकी त्याच चार घरांत झाल्या. त्यामुळे वस्तीत नाकं सारखी, आणि घरटी एखादं जन्मापासून बहिरं. ती मात्र बाहेरून आलेली सून, आणि तिचा नवरा त्या बहिऱ्यांतलाच. बाहेरची सून आणायला सासूचा कडाडून विरोध होता.

बाळ झाल्यापासून सासूचं एकच पालुपद. "नाक आमचं, कपाळ आमचं!"

'म्हणजे माझं काहीच नाही,' ती स्वयंपाकघरात धुसफुसली.

तेवढ्यात थाळी आदळली आणि बाळ दचकून रडायला लागलं. ती धावत आली. पाळण्यामागे सासू उभी, डोळे भरलेले.

"मीच टाकली. याच्या बापाच्या वेळीही टाकली होती. तो हललासुद्धा नव्हता." सासूने बाळ सुनेच्या कुशीत दिलं. "कान तुझे घेतलेत गं लबाडाने!"