दोघांचं काम

"तो मझार येवाले नको," कौतिक आबा म्हणाले आणि गोठ्याच्या दारात आडवे उभे राहिले.

कंपाउंडर निंबा चपला काढून बाहेरच थांबला. डॉक्टर रुपचंद आत गुडघ्यांवर बसले होते, उजवा हात खांद्यापर्यंत गायीच्या आत. गर्भाशयाला पीळ पडला होता. वासरू अजून जिवंत होतं. खुराला बोट लागलं की पाय आखडून घेत होतं.

"आबा, हे दोघांचं काम आहे," डॉक्टर म्हणाले. "गाय आडवी पाडायची, कुशीवर फळी ठेवायची आणि लोळवायची. मी आतून धरणार, निंबा फळीवर उभा राहणार. कधी किती भार द्यायचा ते त्यालाच कळतं."

"फयीवर कोन बी हुभा ऱ्हाई. आम्हना गडी वना शे ना."

शिरपूरपलीकडच्या त्या गावात जनावरांचा दवाखाना म्हणजे हीच दोन माणसं, एक डॉक्टर आणि एक कंपाउंडर. राहायला सरकारी क्वार्टर एकच. दोघं नवराबायकोसारखे राहत, आणि त्यात सुखी होते. उन्हाळ्यात कुणीतरी न वाजवता दार ढकललं आणि ते सुख गावाला दिसलं. मग काय, तक्रार धुळ्याला गेली. ती नेणारे कौतिक आबाच. वरचे साहेब जीप घेऊन आले, चावडीवर बसले. त्या काळी असल्या गोष्टीला तुरुंग होता; कुठला कायदा बाजूने उभा राहणार? साहेबांनी तोंड उघडायच्या आत निंबा उठला. म्हणाला, "दोष माझा आहे. डॉक्टरसाहेब झोपेत होते. त्यांना काहीच ठाऊक नाही."

धडधडीत खोटं. पण रुपचंद खाली मान घालून बसले आणि ते खोटं खरं झालं. गावाला काय, सुंठीवाचून खोकला गेला. निंबाची बदली अक्राणीच्या डोंगरात ठरली, आणि जाईपर्यंत त्याने कुणाच्या गोठ्यात पाऊल टाकायचं नाही असा तोंडी हुकूम निघाला.

आज आबांची गाय अडली, तेव्हा डॉक्टरांनी मुद्दाम निंबाला बरोबर आणलं होतं. अडला हरी गाढवाचे पाय धरतो, मग कौतिक आबा माणसाचा हात धरणार नाहीत? निंबाच्या हातून गाय वाचली की आबाच साहेबांकडे जाऊन शब्द टाकतील, बदली थांबेल. निंबाला वाचवायचा एवढाच एक रस्ता त्यांना दिसत होता. स्वतः तोंड उघडायचा दुसरा रस्ताही होताच, पण त्या रस्त्याने जायची छाती त्यांना झाली नव्हती.

"येवू द्या ना तेले!" आबांची बायको दगडीबाई रडत म्हणाली. "तिना जीव जाई ऱ्हायना!"

आबा हलले नाहीत.

शेवटी वना फळीवर चढला. गड्यांनी गायीचे पाय दोरांनी ओढले. गाय हळूहळू वळू लागली, आणि डॉक्टरांच्या बोटांना पीळ थोडा सैल झालेला जाणवला. "आता भार दे," ते ओरडले. वना घाबरून गेला होता. गायीने उसासा टाकला तशी त्याने फळीवरून उडीच मारली.

"उतरू नको रे! पाय घसटत पुढे जा!" बाहेरून निंबा ओरडला.

"तू गप ऱ्हाय," कुणीतरी त्याला दटावलं.

वना पुन्हा चढला, आणि या वेळी नको तितका जोर देऊन बसला. आत काहीतरी फाटलं. डॉक्टरांच्या हाताभोवती एकदम ऊन रक्त आलं. त्यांनी वासराचा पाय चाचपला, दाबला, पुन्हा दाबला. पाय आखडला नाही. ऊन कलायच्या आत गायही गेली.

दगडीबाई गायीच्या गळ्यात पडून रडू लागली. गडी दोर सोडून बाहेर गेले. दारातून पाहिलं तेवढं निंबाला पुरलं. त्याने चपला पायात घातल्या आणि क्वार्टरकडे चालू लागला. त्याची ट्रंक बांधायची राहिली होती. त्याची पाठ पाहून डॉक्टर आबांकडे वळले.

आबा गायीच्या डोक्याशी बसले होते. तिच्या डोळ्यांवरून हात फिरवत होते. त्यांचेही डोळे भरले होते. हाताने वाढवलेली गाय होती ती.

"आबा, निंबा असता तर ही वाचली असती," डॉक्टर म्हणाले. रक्ताळलेला हात त्यांनी पुसलाही नव्हता. "आणि ऐका. त्या दिवशी तो खोटं बोलला. मी झोपेत नव्हतो. तो जसा आहे तसाच मीही आहे. त्याला गोठा बंद, तर मलाही बंद करा."

बोलून झालं. आता काय व्हायचं ते होवो, असं म्हणून ते उभे राहिले.

आबांनी वर पाहिलं नाही. शांतपणे, समजूत घातल्यासारखं म्हणाले,

"माले ठाऊक शे, डाक्टरसाहेब. बठ्ठा गावले ठाऊक शे. पन दोन्हीस्ले काढी दिधं, तं ढोरेस्ले कोन देखी?"