रिपोर्टाला लागणारा वेळ

"हे काय आहे, बाई?"

सॉफ्टवेअरवाल्यानं पडद्यावरच्या एका ओळीवर बोट टेकवलं. कारखान्याचे जुने प्रोग्राम उकलून नव्या सिस्टीमवर न्यायचे, म्हणून त्याला बोलावलेलं. त्याच्या मागं धाकटे मालक हाताची घडी घालून उभे होते. कॉम्प्युटरबाईंनी चष्मा न लावताच ती ओळ ओळखली.

"चुकून राहिली असणार," तोच म्हणाला. माणूस भला होता. "हिशेब चुटकीसरशी होतोय. मग मशीन दहा मिनिटं नुसतं बसून राहतं आणि मग छापतं. कुणीतरी तपासायला म्हणून घातली असेल, काढायची राहून गेली."

"चुकून नाही," बाई म्हणाल्या. "मी घातलीय."

मालकांच्या हाताची घडी सुटली. "म्हणजे? या एका रिपोर्टापायी पप्पांनी दोनदा मशीन बदललं! म्हातारं झालं, म्हातारं झालं म्हणून साऱ्या कारखान्यात बोंब!"

"मी नाही कधी म्हटलं. तेच म्हणायचे. मी आपली मान हलवायचे."

सॉफ्टवेअरवाल्याला हसू फुटलं. ते त्यानं खोकून गिळलं.

कारखाना काचेच्या बाटल्यांचा. भट्टीला लागूनच पॅकिंग. साऱ्या कारखान्यात थंड खोली काय ती ही एकच, कारण कॉम्प्युटरला उष्णता सोसत नाही. तो तापला की बंद पडायचा. पॅकिंगच्या बाया तापल्या तरी बंद पडत नव्हत्या, म्हणून त्यांच्या वाट्याला दोन पंखे, तेही तीच गरम हवा इकडची तिकडं करणारे. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. असल्या गोष्टी ठरवाव्या लागत नाहीत.

आणि रोज दुपारी किती खोकी भरली, कुठली कुठल्या गाडीत चढवायची, याचा रिपोर्ट न्यायला पॅकिंगमधून एक जण या खोलीत यायची.

"पण का?" मालकांचा आवाज चढला. "काय मिळालं तुम्हाला?"

"तुम्ही तेव्हा शाळेत होता. माझा इथला पहिलाच उन्हाळा. एक पोरगी कागद न्यायला आली. मी बटण दाबलं, कागद बाहेर. घेऊन दारापर्यंत गेली नि परत फिरली. म्हणाली, बाई, अजून काही छापायचं नाही का हो?" बाईंनी पडद्यावरच्या त्या ओळीकडं बोट केलं. "दुसऱ्या दिवशी घातली ओळ."

त्यानंतर कागद न्यायला कोण जाणार, हे पॅकिंगमध्ये आपसांतच ठरू लागलं. जिच्या अंगात कणकण आहे ती. जी आजारी लेकरापाशी रात्रभर जागलीय ती. येऊन भुईवरच बसायच्या, लोखंडी कपाटाला पाठ लावून. कुणी तोंड उघडं टाकून झोपायची. कुणी सासूची नक्कल करायची. एकीनं तर दिवस राहिल्याचं नवऱ्याच्या आधी बाईंच्या कानात सांगितलं होतं. बाई पडद्यावरची नजर हलू द्यायच्या नाहीत, जसं काही मशीन आत डोंगर फोडतंय. खरं सांगायचं तर दिवसभरात त्यांचीही तेवढीच दहा मिनिटं माणसांत जायची. बाकी सगळे आकडे.

"नव्या सिस्टीमवर तुम्हालाच बसवणार होतो मी," मालक म्हणाले. "आता बघावं लागेल. एक तारखेपासून रिपोर्ट सुपरवायझरच्या फोनवर. कुणी यायला नको, जायला नको. ही खोली मोकळी. एसी जाईल मीटिंगच्या खोलीत."

"मला बसवा नाहीतर घरी पाठवा. एसी तेवढा पॅकिंगमध्ये लावा."

"बाटल्यांना एसी?"

"बाटल्या काय आपल्या आपण खोक्यात जाऊन बसतात?"

तेवढ्यात दार लोटून बुटकी आत आली. पॅकिंगमधली, सातवा महिना लागलेला. मालकांना बघून बिचकली, पण पाय तिचं ऐकेनात. ती कपाटाला टेकून हळूहळू खाली बसली.

"बसते हं, बाई. होऊ द्या तुमच्या म्हाताऱ्याचं सावकाश."

मालकांनी तिच्याकडं पाहिलंही नाही. "काढ रे ती ओळ," ते सॉफ्टवेअरवाल्याला म्हणाले. "आत्ताच काढ. बघू तरी."

त्यानं बाईंकडं पाहिलं. बाईंनी कीबोर्ड त्याच्यापुढं सरकवला. "मी नाही काढणार. तुम्ही काढा."

त्यानं ओळ पुसली. बटण दाबलं. बुटकीनं डोळे मिटले होते, ते प्रिंटरच्या करकरीनं उघडले. कागद बाहेर लोंबत होता.

"झालं?"

"झालं," बाई म्हणाल्या.

बुटकीचा चेहरा खुलला. मनापासून. "अगं बाई! सुधारलं की हो मशीन! आणि मालकांच्या देखत सुधारलं, बरंच झालं. जो तो उठसूट तुमच्या मशीनला नावं ठेवायचा. जिरली आज सगळ्यांची!"

कपाटाचा आधार घेत ती उठली. कागदाची घडी घातली आणि त्याचाच वारा घेत भट्टीकडं गेली.

ती टेकली होती तिथं कपाटावर तिच्या पाठीएवढा ओला डाग उरला होता. तिघांनाही तो दिसत होता. एसीच्या वाऱ्यानं तो कडेकडेनं वाळू लागला, पण पुरता वाळायला त्याला वेळ लागला.