अडकित्त्याने कापलेली गोळी

पडद्यावर हौसाबाईंच्या स्वादुपिंडातली जिवंत पेशी दिसत होती. डॉक्टर सबनीस बघतच राहिल्या. मधुमेहाच्या या नव्या गोळीने पेशी जोमाने इन्सुलिन बनवायच्या, पण चाचणीतल्या बाकी सगळ्यांच्या पेशींत सहा महिन्यांतच वेड्यावाकड्या प्रथिनांचा गाळ साचला होता. हौसाबाईंची पेशी मात्र स्वच्छ होती.

"बाकी सगळ्यांच्या पेशींत गाळ साचलाय, तुमच्याच पेशीत नाही. गोळी रोज घेता ना?"

"अर्धी घेते." हौसाबाईंनी चंचीतून अडकित्ता काढून टेबलावर ठेवला. "अर्धी जावेला देते. तिलाही साखर आहे, पण तुम्ही तिला चाचणीत घेतलं नाहीत. आमच्यात एकटीनं खायची रीत नाही."

"अहो, हा नियमभंग आहे! तुमचं नाव चाचणीतून काढावं लागेल."

"काढा की! पण कागदावर खरं लिहा. अख्खी गोळी पेशीला झेपत नाही, अर्धी झेपते. हे माझ्या अडकित्त्यानं शोधलंय."

"एका माणसावरून असं ठरत नाही, हौसाबाई."

"एक माणूस कोण म्हणतंय?" हौसाबाईंनी उठून दार उघडलं. बाहेरच्या बाकावर त्यांची जाऊ तपासणीसाठी रक्त द्यायला पोलक्याची बाही वर सारून बसली होती.