बियाचा दोडका

रेशनच्या दिवसांत हंबीररावाचं घर परड्यातल्या भाजीवरच तगलं होतं. बायकोनं आजऱ्याच्या माहेराहून दोडक्याचं बी आणलं होतं. दर साली एकच दोडका ती बियाला राखायची. यंदाही वेलावरच्या शेवटच्या दोडक्याला तिनं लुगड्याची चिंधी बांधली, "ह्यो तोडू नगासा" म्हणाली आणि चैत्र लागताच तापानं गेली. सुतकात चूल बंद होती. शेजारची नवी सून भाकरी-कालवण घेऊन आली. हुपरीच्या चांदीकारागिराची लेक ती, परड्यातलं तिला काय कळणार. "काका, तुमच्याच येलाचा दोडका हाय. चिंधी बांधल्याली बघून म्हनलं, काकींनी तुमच्यासाठनंच राखला आसंल." कोवळी बी दाताखाली आली तसा हंबीररावाचा घास थांबला. पोर बिचारी कावरीबावरी झाली. "कालवण बिघडलंय का?" त्यानं ताट पुढं केलं. "न्हाय पोरी. माझ्यासाठनंच ठेवलावता तिनं. सगळं वाढ, ह्यातलं काय टाकायचं न्हाय."