वसुबारसेचे सहा दात

केतकीने सोऱ्यात चकलीचं पीठ भरून दिलं, सासूबाईंनी दांडा दाबला आणि कट्‌कन आवाज झाला. सोऱ्या शाबूत होता. इंदुमतीबाईंचं मनगट मोडून लोंबत होतं. कळ यायच्या आधी त्या नुसत्या बघतच राहिल्या.

सकाळीच डॉक्टर नेरूरकरांनी त्यांच्या बोळक्या तोंडात सहा दातांचं बी पेरलं होतं. "संध्याकाळी खुशाल चकली फोडा," ते म्हणाले होते, "फक्त दर तासाला यातली एक बाटली दूध प्यायचं. एकही चुकवायची नाही." दात कबूल केल्याप्रमाणे वर येत होते. इंदुमतीबाई दिवसभर जिभेने चाचपून हरखत होत्या.

केतकीने घाबरून डॉक्टरांना फोन लावला.

"दूध प्यायल्या ना?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"हो, सगळ्या बाटल्या रिकाम्या आहेत."

इंदुमतीबाईंनी मान खाली घातली. "मागच्या गोठ्यातल्या वासराला पाजलं गं. आज वसुबारस. आजचं दूध त्याचं. चाळीस वर्षांत मी या दिवशी दूध तोंडाला लावलं नाही. एका दिवसाने काय होतंय, म्हटलं."

डॉक्टर फोनवर ओरडलेच, "अहो, दात काय हवेतून उगवतात? दूध मिळालं नाही तर ते हाडं खातात! किती आलेत?"

केतकीने सासूबाईंचं तोंड उघडून पाहिलं. चार दात मोत्यासारखे चमकत होते, आणि पाचवा तिच्या डोळ्यांदेखत हिरडी फोडून वर येत होता.

इंदुमतीबाईंनी दुसरा हात काचेचं भांडं ठेवावं तसा अलगद मांडीवर ठेवला.