कमानीखालचा फोटो

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात महालिंगप्पा फोटोग्राफर नळदुर्गच्या किल्ल्यातल्या पडझडीचे फोटो काढत हिंडत होते. एका मोडक्या कमानीखाली त्यांना पुतळाबाई दिसली. दुष्काळी कामावरची खडी फोडणं सोडून ती सावलीला आली होती. मांडीवर तिची तीन महिन्यांची सुजाता तापानं फणफणली होती.

"अप्पा, हिचा बी एक फोटो काढा," पुतळाबाई म्हणाली. "ऱ्हाती का न्हाय, कुणाला ठावं."

त्यांनी मायलेकींचा फोटो काढला.

चौथ्या दिवशी महालिंगप्पा तो फोटो घेऊन खडीच्या कामावर आले. सुजाता झोळीत तापानं निपचित पडली होती. महालिंगप्पांनी बिचकतच फोटो पुतळाबाईपुढं धरला.

फोटोत कमान तीच होती. पुतळाबाई तशीच बसली होती, पण तिची मांडी रिकामी होती. शेजारी पांढऱ्या केसांची, चष्मा लावलेली एक म्हातारी तिच्या खांद्याला टेकून हसत होती.

"तिथं तुम्हा दोघींबिगर दुसरं कुणीच नव्हतं, बाई," महालिंगप्पा हळू आवाजात म्हणाले.

पुतळाबाई कितीतरी वेळ त्या म्हातारीच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं झोळीतल्या सुजाताकडं पाहिलं आणि फोटो पदराआड धरला.

"दात माझ्यावानीच आले की हिला," ती म्हणाली.